लगझरी फ्लॅट

पिपरी मेघेत आमच्या शेजारी राहणारा तो घरांचा दलाल. घर दाखवताना आधी त्यातली खोट सांगायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा.

पुढे नागपूरच्या एका बड्या कंपनीनं इथले चार-पाच दलाल आपल्यात सामावून घेतले. याच्या गळ्यात टाय आला. वाक्यागणिक ‘लक्झरी’ म्हणायचं, असं त्याला शिकवलं होतं. तो ‘लगझरी’ म्हणायचा.

माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, आमच्या घराजवळच्या इमारतीत सातव्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आली. कंपनीचा साहेबही सोबत होता. ताईला गॅलरी फार आवडली. तिनं चेकबुक काढलं, तसा दलाल म्हणाला, “घाई काऊन करून राह्यल्या, ताई? उन्हाळ्यात इथं नळाले पाणी नाई राहत. टँकरची वाट पाहा लागते.”

ताईनं चेकबुक पर्समध्ये ठेवलं.

आठवड्याभरात त्याला घरं दाखवण्यावरून काढून फोनवर बसवलं. मी विचारलं, “साहेबासमोर काऊन बोललात?”

“त्या एकट्याच राहनार होत्या न, भाऊ.”

टँकर दर उन्हाळ्यात माझ्याही दारावरून जातो. ताई जवळ राहायला येईल म्हणून मी तिला ते सांगितलं नव्हतं.