आठवले सरांचा सोमल

आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी आपोआप साठायच्या, रिकाम्या बाटल्या आणि आठवले सरांचे किस्से. बाटल्या सरांच्या पत्नी, म्हणजे माई, दर दिवाळीला भंगारात काढायच्या. किस्से कोणी नेले नाहीत. ते माझ्याकडेच पडून आहेत.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. नौपाड्यात सरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे आमची प्रयोगशाळा. लोक विहिरीचं पाणी, रंग, औषधं तपासायला आणायचे. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन डोंबिवलीहून तिथे मदतनीस म्हणून जायला लागले होते. सरांना एकच वेड, सोमलाचा इतिहास. सोमल म्हणजे आर्सेनिक, जालीम विष. पूर्वी युरोपात त्याला वारसाहक्काची पूड कसं म्हणत, सोमल घातलेल्या हिरव्या रंगाने घरंच्या घरं कशी आजारी पडली, हे सगळं ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे. पाणी तपासायला आलेला माणूस पाण्याचं विसरून, आपल्या भिंतीचा रंग आठवत घरी जायचा!

*

शेजारी बारसं होतं. पाळणा नवा, हिरवागार. बायका पाळणा म्हणत होत्या आणि सर खिशातला चाकू काढून पाळण्याचा रंग खरवडत होते. गाणं थांबलं. बाळाच्या आजीने विचारलं तर म्हणाले, "चालू द्या, मला थोडाच लागतो."

रंगात काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी 'पाळणा निर्दोष' असा सही-शिक्क्याचा रिपोर्ट नेऊन दिला. आहेर म्हणून!

*

जुने पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासायचे. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक. सर सोमलावर पुस्तक लिहीत होते, त्यामुळे खाडाखोडीला त्यांनीही वाटीभर हरताळच आणला. माईंनी ती वाटी उचलून बाहेर ठेवली. सर चिडले. पोथ्या लिहिणारे काय सगळे मेले, म्हणून विचारू लागले.

माई शांतपणे म्हणाल्या, "ते बोट चाटून पान उलटत नव्हते."

*

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा वडिलांनी मोठ्या विश्वासाने सरांना डोंबिवलीला बोलावलं. चार चांगले शब्द बोलतील, एवढीच अपेक्षा. सर बोललेही अगदी मनापासून. "सोमल मोजावा तर हिनेच. कणभर इकडचा तिकडे होत नाही."

सासूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

लग्न तिथेच झालं. पण पहिले सहा महिने घरातला चहा सासूबाई स्वतः करायच्या.

*

कल्याणचे गोडबोले वैद्य सरांचे जुने स्नेही. दर गुरुवारी यायचे आणि वाद घालायचे. आमच्याकडे सोमल शुद्ध करायची रीत शेकडो वर्षांची, असं वैद्य म्हणायचे. रीत असेल, तराजू कुठे होता, असं सर म्हणायचे. दोघांना एकमेकांशिवाय करमायचं नाही.

एकदा वैद्यांच्याच एका रोग्याचा भाऊ त्यांनी दिलेली खोकल्याची पूड तपासायला घेऊन आला. सोमलाची परीक्षा सोपी असते. जस्तावर आम्ल घालायचं, त्यात पूड टाकायची, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीत थंड चिनी मातीचं झाकण धरायचं. सोमल असेल तर झाकणावर काळा, चकचकीत डाग पडतो.

डाग पडला.

तरी सरांनी रिपोर्ट लिहून दिला. वैद्य शपथेवर सांगत होते की या पुडीत सोमल नाहीच. दोन दिवसांत कल्याणभर झालं आणि त्यांच्या दवाखान्यात कुत्रंही फिरकेना. तीस वर्षांचं नाव होतं त्या माणसाचं. त्या गुरुवारी ते आले नाहीत.

*

त्यानंतर सर सुटलेच. माईंचं मीठ तपासलं, डाग. हळद तपासली, डाग. मग मी नुसतं पाणी घातलं. डाग!

सोमल जस्तातच होता. बाटली नवी होती. नव्या जस्ताची आधी, त्यात काही न टाकता, रिकामी परीक्षा घ्यायची, जुने जुने रसायनशास्त्रज्ञ इथेच फसले, हे सरांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. बाटली मी उघडली होती आणि घाईत ती परीक्षा राहिली होती. मला रडू कोसळलं. सरांनी नवा रिपोर्ट लिहिला, 'पूड निर्दोष, चूक माझी'. माझं नाव कुठेच नव्हतं.

सकाळी आम्ही दोघं कल्याणला गेलो. दवाखान्याचं बाकडं रिकामं होतं. सरांनी ओट्यावर उभं राहून तो रिपोर्ट मोठ्याने वाचला. माणसं जमली, पण आत कोणी येईना. एकदा उडालेला विश्वास कागद वाचून कसा परत यावा?

सर आत गेले आणि त्या बाकड्यावर बसले. हात पुढे केला.

वैद्यांनी बराच वेळ नाडी पाहिली. मग आतून एक पुडी बांधून आणली आणि सरांच्या हातावर ठेवली. "नेऊन तपासणार?"

सरांनी पाणी मागितलं. सगळ्यांसमोर पुडी उघडली, तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

स्टेशनकडे चालताना मला राहवलं नाही. विचारलं, "सर, काय होतं त्या पुडीत?"

सर म्हणाले, "विचारलं नाही."