एकशे सात नंबर जागा झाला

ग्रंथालयाच्या मुख्य कचेरीत तिला सगळे चौकशीताई म्हणत. नोकरीला लागली तेव्हा ती खालच्या मजल्यावर 'चौकशी' अशी पाटी असलेल्या खिडकीत बसायची, म्हणून हे नाव पडलं. पण पाटी नसती तरी ते तिला चिकटलंच असतं. लोक पुस्तक कुठे मिळेल हे विचारायला यायचे आणि ते आपल्याला कशासाठी हवंय हे तिला सांगून जायचे. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले, शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या. काही वर्षांनी वायरी बदलायला आलेल्या माणसांच्या मागे ती प्रश्न विचारत फिरायला लागली, तेव्हा साहेबांनी तिला त्याच कामावर टाकलं. "त्यांचं डोकं खातच आहात," ते म्हणाले, "तर निदान शिका तरी."

आणि ती शिकली. टेलिफोन कंपनीपर्यंत तार एकच जायची, पण त्या एका तारेतून सगळ्या शाखांच्या वाटा फुटत आणि प्रत्येक वाटेला एक नंबर असे. राउटर नावाच्या खोक्याला सांगून ठेवायचं, की या नंबराने गेलास की बाजारातली शाखा, त्या नंबराने गेलास की पुलाजवळची. याला फ्रेम रिले म्हणत. घरी जेवताना ती हे नवऱ्याला समजावून सांगे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा.

"म्हणजे तार खरी एकच आणि बाकीच्या वाटा मनातल्या?"

"मनातल्या कशा? कंपनीच्या यंत्रातल्या."

"माझ्या कवळ्या बऱ्या. नीट बसली नाही तर माणूस लगेच ओरडतो."

एका दुपारी वाटा तपासताना तिला पडद्यावर काहीतरी वेगळं दिसलं. एकशे सात नंबरची वाट ती या कामावर आल्यापासून 'निष्क्रिय' होती, म्हणजे पलीकडे कुणी नाही. कुठल्याच शाखेचा तो नंबर नव्हता. मागे कुणीतरी काढायचा विसरला असेल, म्हणून तीही त्याच्या वाटेला गेली नव्हती. आज तिथे 'सक्रिय' असं आलं होतं. पलीकडे कुणीतरी आलं होतं!

तिने राउटरला एकशे सातची ओळख करून दिली आणि हाक मारून पाहिली. उत्तर नाही. पुन्हा मारली. वाट जागी, पण माणूस मुका.

"काढून टाका तो नंबर," साहेब म्हणाले. "नाहीतरी ही पद्धत पुढच्या वर्षी बंदच होणार आहे."

"काढते. पण आहे कोण ते बघून काढते."

टेलिफोन कंपनीतल्या बाईंनी शोधून सांगितलं, "दुसरं टोक तुमच्याच नावावर आहे हो. गोदी रस्ता." गोदीवरची शाखा बंद होऊन जमाना झाला होता. चौकशीताईने पिशवीत लॅपटॉप आणि केबल टाकली आणि दुसऱ्या दिवशी बस पकडली.

शाखेच्या जुन्या इमारतीत आता बायकांचा शिवणवर्ग भरत होता. दार राखणदाराने उघडलं. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला. ग्रंथालयातून आले म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मी काही बिघडवलं का, ताई? कपाटामागे धुळीत एक खोकं पडलेलं होतं, भिंतीतल्या तारेला जोडलेलंच. पुसलं, प्लग दिसला, लावला. काय होतं ते बघावं म्हटलं."

"मग काय झालं?"

"दिवा लागला!" तो एकदम खुलला. "मधूनमधून लुकलुकतो. मी बोललो तरी लुकलुकतो, गप्प बसलो तरी लुकलुकतो. काय करतो हो तो?"

"कंपनीला विचारत असतो, आहेस का? कंपनी म्हणते, आहे."

"बस, एवढंच? आमचं नवरा-बायकोचंही दिवसभर एवढंच बोलणं असतं."

ती हसत हसत जमिनीवर बसली आणि केबल लावली. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा खोकं बंद करून, चालू होता होता मध्येच थांबवून ती आत शिरली. मग कारण सापडलं. मुख्य कचेरीत दुसऱ्या कंपनीचे राउटर आले तेव्हा माहितीची पाकिटं बांधायची पद्धत बदलली होती. हे बिचारं अजून जुन्याच पद्धतीने बांधत होतं. पाकिटं पोचत होती, पण ती उघडायची कशी हे दोन्हीकडे कळत नव्हतं. तिने तेवढी पद्धत बदलली, हाक मारली, आणि मुख्य कचेरीने ओ दिली.

"बोललं!" ती ओरडली. शिवणयंत्रं थांबली. बायका भोवती जमल्या.

लॅपटॉपवर ग्रंथालयाची सूची उघडून ती म्हणाली, "विचारा काका, काय हवंय?"

म्हातारा लाजला. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "खोल समुद्रात म्हणे मासे स्वतःच उजेड पाडतात. गोदीत असताना खलाशी सांगायचे. खरं की थापा, ते बघायचं राहूनच गेलं."

पुलाजवळच्या शाखेत तसं पुस्तक होतं, चित्रांसकट. ते दाखवल्यावर बायकांनीही आपापलं विचारायला सुरुवात केली, आणि तिची परतीची बस चुकली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "वर्षभरासाठी कशाला हा उपद्व्याप?"

"वर्षभर तरी वाचतील ना!" असं म्हणून तिने अडगळीतला एक कॉम्प्युटर मागून घेतला आणि गोदी रस्त्याला बसवून दिला. मागण्या इतक्या यायला लागल्या की पुस्तकांची गाडी आठवड्यातून एकदा तिकडे वळायला लागली.

पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे फ्रेम रिले बंद झालं. एकेक नंबर तिने स्वतःच्या हाताने काढला. तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. नवीन पद्धत कशी चालते हे कधी एकदा उघडून बघते असं झालं होतं. थोड्याच वेळात टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, लाइन गेली वाटतं. गाडी येईल ना?"

"येईल, काका. गाडीचा आणि लाइनचा काही संबंध नाही."

"मग ठीक आहे." तो जरा घुटमळला. "आता फोन केलाच आहे तर एक विचारू का?"

तिने खुर्ची जवळ ओढली.