आत्याबाईंच्या हातची सुंठ

मंडळी, आज सकाळी माझी अर्धशिशी पुन्हा उठली. सांगलीच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन मी पडदे ओढून पडले होते.

तेवढ्यात आमच्या आत्याबाई सहाणेवर सुंठ उगाळायला बसल्या. माझ्या सासऱ्यांच्या या बहिणीचं वय नव्वदीला टेकलंय. आमच्या अर्ध्या आष्टा गावानं त्यांच्याकडून हा लेप लावून घेतलाय. बाईच्या हाताला गुण आहे म्हणतात.

कपाळाला लेप लावून घेताना मी सहज विचारलं, "पहिल्यांदा कुणाला लावला होता?"

"आमच्या अक्काला. सवातंत्र्याच्या आधी, मी ल्हान हुते. तिचं डोस्कं उजाडल्यापासनं ठणकत हुतं, उलट्या हुत्या. म्या लेप लावला. दुपारी ती कण्हायची थांबली. आई सगळ्यांस्नी म्हणाली, पोरीच्या हाताला गुण हाय."

"मग?"

"झोपलीया म्हणून कुणी हाक मारली न्हाई. दिवेलागणीला उठवाय गेलो, तर अंग गार."

"आणि तरी लोक लेपाला येत राहिले?"

"व्हय. दुखायचं थांबलं हुतं न्हवं."

सुंठ पोटात घेतली तर थोडा फरक पडतो, असं काही छोटे अभ्यास सांगतात. लेपाबद्दल खात्रीचं काही मला सापडलं नाही. माझी डोकेदुखी दुपारी उतरली. गोळीनं, लेपानं की आपसूक, तुम्हीच सांगा.

हे लिहितेय, तर आत्याबाई पुन्हा दारात आल्यात. दुपारपासून त्यांचं हेच चाललंय.

"जागी हाईस न्हवं गं?"