बाबली परबाचे गाऱ्हाणे

गावात कुणाचे लग्न ठरो, कुणाची गाय आजारी पडो, कुणी नवी गाडी घेऊन येवो, देवासमोर गाऱ्हाणे घालायला बाबली परबच लागे. हा मान त्याच्या घराण्याचा. नारळ हातात धरून तो एकेक मागणे मोकळ्या आवाजात मांडी आणि मागे उभे असलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणत. स्वतःसाठी त्याने कधी काही मागितले नव्हते. तशी पद्धतच नव्हती. तोंड त्याचे, दुःख दुसऱ्याचे.

दारू नेमकी कधी सुरू झाली हे त्याला सांगता येत नाही. वेशीवरच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू दाखवायची, उरलेली बाटली गाऱ्हाणे घालणाऱ्याने घरी न्यायची. पुढे राखणदाराची वाट न बघता बाटली येऊ लागली.

गेल्या जत्रेत गावातल्या गुरुदासाने घरच्यांसाठी गाऱ्हाणे घालायला सांगितले. बाबलीने डोळे मिटले, नेहमीसारखा आवाज लावला आणि गुरुदासाच्या वडिलांना उदंड आयुष्य मागितले. वडील नुकतेच वारले होते. तिरडीला बाबलीनेही खांदा दिला होता. त्या वाक्याला ‘होय म्हाराजा’ आले नाही. तो वाट बघत राहिला. समईची ज्योत हलत होती.

पुन्हा जत्रा महिन्यावर आली तेव्हा गावकऱ्यांनी सांगितले, “बाबल्या, सुधारलंस तर तुझो मान तुका. नायतर यंदा नारळ तुझ्या पुतण्याच्या हातात.”

गावच्या डॉक्टरांनी आधीच सुचवले होते: वेंगुर्ल्यात दर रविवारी संध्याकाळी एका शाळेत दारू सोडणारे लोक जमतात, तिथे जाऊन बस. त्या रविवारी बायकोने, तुळसाने, धुतलेला सदरा काढून दिला आणि पिशवीत एक नारळ घातला. नव्या ठिकाणी पहिल्यांदा रिकाम्या हाताने कसे जायचे?

एसटीतून उतरून तो बाजारात फिरत राहिला. बार न विचारता दिसत होते. शाळा विचारल्याशिवाय सापडणार नव्हती, आणि विचारायचे म्हणजे सांगणे आलेच. शेवटी त्याने एका मासेवालीला गाठले.

“बाय, हंयसर शाळा खंय आसा?”

“आज आयतवार. शाळेत तुमचा काय काम?”

“आसा थोडा.”

तिने त्याच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. “दारू सोडूक इलास मां?” हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की शेजारची मासेवाली सुरमई कापता कापता हसली.

“हळू गो बाय!”

“आता लाजतास? पिताना खंय गेल्ली लाज? त्या वडाच्या मागे जावा. माझो घोव महादू थंयच बसता. आणि परत जाताना बांगडे घेवा, स्वस्त देतंय.”

वर्गातले बाक लहान मुलांचे. मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भिंतीवर पाढे लिहिलेले. भाई म्हणून एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते, ते म्हणाले, “हंय आपला आपण सांगूचा. बाकीच्यांनी मधी बोलूचा नाय, नुसता आयकाचा.”

बाबलीची पाळी आली. तो उठला, पिशवीतून नारळ काढून दोन्ही हातांत धरला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू बाबली परब आज तुझ्या पायाकडे इला हा. हेच्या मागे जी काय दारूची पिडा लागली हा...”

“भाईनू, तुमका देव केल्यान!” कुणीतरी म्हणाले. वर्ग हसला.

भाईही हसले. मग म्हणाले, “बाबलीनू, हो बाबली दुसरो कोण नाय ना? तुमीच मां? मग डोळे उघडा आणि तुमचा तुमी सांगा.”

त्याने डोळे उघडले. समोर देव नव्हता. त्याच्यासारखेच सुजलेले, दाढी वाढलेले चेहरे होते, वर केस मात्र नीट विंचरलेले. इतक्या वर्षांचे शब्द एकदम निघून गेले. राहिले ते अगदी थोडे.

“मी पितंय,” तो म्हणाला. “मेलेल्या माणसाक मी आयुष्य मागलंय. लोक गप रवले. घराक जाऊन मी परत प्यालंय. माका सोडूची आसा.”

कुणी बोलले नाही. नियमच तसा होता, पण बाबलीला ती शांतता ओळखीची वाटली. नारळ पिशवीत टाकून निघून जावे, एवढेच त्याला सुचत होते.

“होय म्हाराजा.”

मागच्या बाकावरून आले. लुंगीतला महादू, त्या मासेवालीचा नवरा. बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली आणि भाईंकडे पाहिले. पण भाईही खाली बघून पुटपुटले, “होय म्हाराजा.” मग एकेक करत बाकीचे.

बाबली बसला. बाक लहान होता, पण तो शेवटपर्यंत बसून राहिला.

तो घरी पोचल्यावर तुळसाने त्याच्या हातातून बांगडे घेतले, तेवढ्यात तोंडाचा वासही घेतला.

“काय मागलंस थंय?”

“मागूक नाय. सांगलंय.”

तिने पिशवी झटकली. “आणि हो नारळ तसोच परत?”

“रवांदे. जत्रेक लागतलो,” तो म्हणाला. “माझ्या हातात, नायतर पुतण्याच्या. पुढच्या आयतवारी मी परत जातंय.”

तुळसाने नारळ देवाच्या फळीवर ठेवला आणि ती बांगडे साफ करायला मागच्या दारी गेली.