खंडेनवमीचा पियानो

प्रधान बाईंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. पर्वत पाटियाजवळच्या आमच्या चाळीत गुलाबाईची गाणी चालली होती. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशातल्या मुली मातीच्या गुलाबाईपुढे बसून गातात, तशा आम्ही सुरतेतही गायचो. शेजारी काही कामाने आलेल्या एक उंच, साठीच्या बाई दारात थांबून ऐकत होत्या. गाणी संपल्यावर मी खाऊचा डबा हलवला आणि म्हटलं, "ओळखा, आत काय आहे?"

"खाऊ राहू दे," त्या म्हणाल्या. "तो वरचा सूर कुणाचा होता?"

मी घाबरत हात वर केला.

"आवाज भसाडा आहे. पण सूर खरा आहे. रविवारी आपल्या मराठी मंडळात ये, आणि या सगळ्यांना आण."

बाई गिरगावातल्या. लहानपणी शाळेत एका गोव्याच्या सरांकडे पियानो शिकल्या, परदेशी परीक्षा दिल्या, एकदा रेडिओवर वाजवलं. मग बँकेतल्या गृहस्थांशी लग्न झालं. सासरी सांगण्यात आलं, घरात हवं तेवढं वाजवा, स्टेजवर नको. घरात पियानो नव्हताच. भरूच, बडोदा, सुरत अशा बदल्या होत गेल्या. सुरतेत त्या एका इंग्रजी शाळेत लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी मुलांच्या प्रार्थनेला पियानो वाजवत राहिल्या. स्वतः रचलेलं कितीतरी त्यांच्याकडे होतं. ते कुणी ऐकलेलं नव्हतं. हे सांगताना त्या रडवेल्या व्हायच्या नाहीत, चिडायच्या. "माझे सासरे चांगले होते, असं सगळे म्हणतात," त्या म्हणायच्या. "चांगल्या माणसांनीच माझी तीस वर्षं खाल्ली."

आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एका पारशी कुटुंबाने दिलेला जुना उभा पियानो होता. त्यावर सत्काराचे हार आणि चहाचे कप ठेवत. बाईंनी पहिल्याच रविवारी ते सगळं उचलून सतरंजीवर ठेवलं. मग वर्षभर आम्हा सहा मुलींना घेऊन त्या बसल्या. आमच्या गुलाबाईच्या चालींवरून त्यांनी पियानो आणि आवाज यांची एक मोठी रचना केली होती. आम्ही नटूनथटून गायला लागलो की त्या थांबवायच्या. "गोड नको. गोड खायला असतं." कुणी उशिरा येऊन पाया पडायला वाकली, तर म्हणायच्या, "आदर घरी ठेव. वेळेवर ये." मी आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली. तिथे वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. बाईंसमोर मात्र गावंच लागे, कारण हळू गायलेलं त्यांना चुकीच्या सुरापेक्षा जास्त खटकायचं.

मंडळाने कोजागिरीला आमचा कार्यक्रम ठरवला. बाईंनी मुंबईहून माणूस बोलावून पियानो सुरात लावून घेतला. त्याच संध्याकाळी तालमीत त्यांनी संपूर्ण रचना वाजवली. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, मशीनची पूजा होते. माझे वडील कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर आहेत. त्यांच्याकडेही लूम पुसून, तेल देऊन, हळदकुंकू वाहून लोखंडावर नारळ फोडतात. मंडळाचे सेक्रेटरी पाटीलकाका स्वतः लूम चालवत वर आलेले. त्यांना वाटलं, मंडळाचं मशीन कोणतं? पियानो. त्यांनी वरचं झाकण उघडलं, पुढची फळी काढली, आतल्या खुंट्यांना आणि हातोड्यांना तेल पाजलं आणि लोखंडी चौकटीवर नारळ फोडला. पाणी सगळं आत गेलं.

दसऱ्याला आम्ही तालमीला गेलो, तर तेलाने खुंट्या सैल पडून तारा उतरल्या होत्या. कित्येक पट्ट्या दाबल्या की खालीच राहत. काही नुसत्या धप् वाजत. वर झेंडूचा हार होता.

"बाई, टेन्शन नका घेऊ, थई जशे, होऊन जाईल," पाटीलकाका म्हणाले. "तेल मी सोता दिलं. वर्षानुवर्षं कोरडंच होतं बिचारं."

"कुणाला विचारलंत?"

"पूजेला काय विचारायचं? देवाचं काम आहे. आणि अडलंच तर पेटी आहे की आपली."

"मग देवालाच बसवा वाजवायला," बाई म्हणाल्या. "मी कोजागिरीला ह्याच पियानोवर वाजवणार."

घरी मी हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "पूजाच केली ना? तोडला तर नाही." मला त्यांचं म्हणणं कळत होतं, म्हणूनच जास्त राग येत होता. ज्याच्यावर ओरडावं असा दुष्ट माणूसच कुठे नव्हता.

मुंबईचा माणूस म्हणाला, दिवाळीआधी येणं जमणार नाही. बाईंनी आम्हाला बजावलं, "जिथे पियानो वाजणार नाही, तिथे तुम्ही भरून काढायचं नाही. मेलेलं लोकांना ऐकू दे."

कोजागिरीला त्यांनी सगळी रचना वाजवली, एकही पट्टी न गाळता. मधेच धप् आवाज यायचा, मधेच नुसती शांतता. पुढे बसलेले आधी हसले. बाई आणखी जोराने वाजवत गेल्या. आम्ही मान ताठ ठेवून गात होतो. शेवटी हॉल गप्प होता, आणि मला वाटलं, आता तरी कळलं. तेवढ्यात पाटीलकाका दुधाचा पेला घेऊन पुढे आले. "फारच छान, बाई. जुनं मशीन असून चाललं की."

बाईंनी पेला घेतला नाही. त्या चपला घालून निघून गेल्या, आणि मंडळात पुन्हा आल्या नाहीत. ती रचना पुन्हा कधी वाजली नाही.

दोन वर्षांनी त्या वारल्या. मंडळाने शोकसभा ठेवली. पाटीलकाका मनापासून रडले. बाई शांत होत्या, हसतमुख होत्या, मंडळाच्या पियानोवर त्यांचं फार प्रेम होतं, असं ते बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता दोन मिनिटं उभं राहू या, असं कुणीतरी म्हणालं.

मी त्याआधीच उभी राहिले होते. "बाई शांत नव्हत्या," मी म्हटलं. "त्या रागावून गेल्या. आपल्यावर."

"बस, बेटा," पाटीलकाका हळूच म्हणाले. "आजच्या दिवशी नको."

"आजच," मी म्हटलं, आणि तेलापासून सांगायला सुरुवात केली. आवाज भसाडाच लागला. मी तो हळू केला नाही.