सप्तमान नंबर प्लेट

खोटी नंबर प्लेट लावून फिरताना पकडला गेलेला मी आमच्या घराण्यातला पहिलाच गणित-शिक्षक. (वडीलही गणितच शिकवायचे, पण ते सायकलवर फिरायचे.)

झालं असं, की आमच्या बोथ गावी मी एक जुनी मोटारसायकल घेतली. नंबर १०५२. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, ओवाळायच्या आधी आकड्यांची बेरीज केली. आठ! शनीचा आकडा! दुसऱ्या दिवशी बाजारहत्नूरला तिच्या भावाची वास्तुशांत होती, आणि शनीवर बसून माहेरी जायला ती मुळीच तयार नव्हती.

माझ्यातला मास्तर खडबडून जागा झाला. मी तिला समजावलं, की आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधतो म्हणून हे आकडे येतात. सात-सातचे बांधले, की झाली सप्तमान पद्धत. संख्या तीच, गाडी तीच, आकडे मात्र निराळे. भराभर गठ्ठे बांधून उत्तर काढलं : ३०३३. बेरीज नऊ! सुमनचा चेहरा खुलला. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या गणितावर पहिल्यांदा विश्वास ठेवला होता, आणि मला तर आकाश ठेंगणं झालं.

मडगार्डवर बारीक अक्षरांत लिहून घेतो, असं मी म्हटलं.

"शनी का मडगार्ड वाचते?" सुमन म्हणाली. "पलेटीवरच लावा."

पहिल्यावहिल्या विश्वासाला नाही कसं म्हणणार? जुन्या आकड्यांवर नव्या आकड्यांचं स्टिकर चढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो, तर गावाबाहेरच्या चौकात पोलिसाने हात दाखवला. कागदावर एक नंबर, गाडीवर दुसरा. गाडी कोणाची, म्हणून त्याने दरडावून विचारलं. मी हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेलाच सप्तमान पद्धत शिकवायला घेतली. दोन मिनिटांत तो वाकून माझ्या पाया पडला. मागच्या बाकावरचा माझा नरेश! मी सुमनकडे ऐटीत पाहिलं.

नरेशने पावतीपुस्तकाच्या पाठीवर आकडेमोड केली आणि डोकं खाजवलं.

"सर, तीन गुणिले तीनशे त्रेचाळीस, वरून तीन साते एकवीस, वरून तीन. हे तं १०५३ होऊन राह्यले. एक जास्त येते."

मी तपासलं. तेवीसमधून एकवीस वजा करून मी तीन उरवले होते! खरं उत्तर ३०३२. सुमनने तिथल्या तिथे बेरीज केली. पुन्हा आठ. ती गाडीवरून उतरली आणि समोरून येणाऱ्या ऑटोला हात करून माहेरी निघून गेली.

नरेशने स्टिकर नखाने खरवडून काढलं आणि तो अगदी अदबीने म्हणाला, "सर, वजाबाकी जरा पाहून करत जा."

खरं सांगतो, मला राग आला नाही. उलट ऊर भरून आला. अभ्यासक्रमात नसताना मी तीस वर्षं हौसेने सप्तमान पद्धत शिकवली, आणि वर्गातल्या एकाला तरी ती पक्की आली. तो एक जण मी नाही, एवढंच.