आबांच्या खिशातला बोल्ट

आबांच्या नेहरू शर्टाचा उजवा खिसा नेहमी लोंबलेला असायचा, कारण त्यात एक अंगठ्याहून जाड बोल्ट असे. शिरपूरकडे त्यांची कापसाची जिनिंग आहे. यंत्रांखाली बसवायच्या इंचभर जाडीच्या प्लेटा ते माझ्याकडून कापून घेणार होते. प्रत्येक प्लेटीला चार कोपऱ्यांत चार भोकं. जळगावच्या माझ्या कारखान्यात आले की ते चहाही घेत नसत, आधी खिशातला बोल्ट काढून भोकात सोडत.

"भाऊ, बोल्ट आर्धामा अडकस," असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदाही माल परत गेला तेव्हा मला हसू आलं नाही. भोक वरून ऐसपैस आणि खाली निमुळतं होत होतं. आबा शांतपणे म्हणाले, तिसऱ्या खेपेलाही असंच झालं तर ते धुळ्याच्या जुन्या गॅस कटरवाल्याकडे जातील. मी तावातावाने शब्द देऊन बसलो, की बोल्ट हाताने गेला नाही तर विजेच्या ज्वालेने लोखंड कापणारं हे नवं प्लाझ्मा मशीन झाकून ठेवीन. माझ्या रागाची खोडच अशी आहे, तो आधी मलाच गोत्यात आणतो.

सोमवारी आबा येणार होते. मी हात धुवून त्या मशीनच्या मागे लागलो. ज्वालेला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ सोडला तर पेलाभर पाणी निघालं. ओल्या हवेने काप खराब होतो हे मी तेव्हा नानांना अर्धा तास सुनावलं. नाना म्हणजे आमचे ऑपरेटर. उभी हयात गॅसने लोखंड कापण्यात घालवलेला माणूस. ते ऐकून घेत आणि खिशातून तंबाखूची डबी काढत. मग नोझल आणि इलेक्ट्रोड दोन्ही नवे घातले. ज्वाला सोडणारा टॉर्च प्लेटीवर सरळ उभा आहे का, ते काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिलं. उंची कमी केली, वेग थोडा वाढवला. प्लेटीखाली जो वितळलेल्या लोखंडाचा थर चिकटायचा, तो नखाने निघेल इतका पातळ झाला. बाहेरच्या कडा तर अशा चोख आल्या, की मी त्यांवरून हात फिरवत बसलो. भोकं मात्र होती तशीच निमुळती. सरतेशेवटी मी नानांवरच घसरलो. तुमचा हातच गॅसचा, तुम्हाला हे जमायचं नाही, असं काहीबाही बोललो. नाना त्या दिवशी जेवण न करता मेहरूणच्या तलावाकडे फिरायला गेले. मला वाईट वाटलं, पण मी तसं बोललो नाही.

रविवारी माझी मोठी बहीण, अक्का, गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. जुन्या लुगड्यावर ज्वारीचे पापडासारखे बिबडे, आणि वाऱ्याने लुगडं उडू नये म्हणून चारही बाजूंनी लोखंडाच्या जाड चकत्या. भोकं पाडताना मधला जो गोल तुकडा खाली पडतो, त्या या चकत्या. कारखान्याच्या भंगारातून ती पिशवी भरून घेऊन आली होती.

"तुना कारखानामा एवढंच एक काम चांगलं व्हस," एक चकती माझ्या हातात देत ती म्हणाली. "कशी गुळगुळीत शे."

मला झोंबलं. तिची चूक दाखवावी म्हणून मी खाली जाऊन गुण्या आणला आणि चकतीच्या कडेला लावला. कड ओळंब्यासारखी सरळ होती. उत्तम काप रोज होत होता आणि भंगारात पडत होता.

प्लाझ्माची ज्वाला पीळ खात बाहेर येते. त्यामुळे टॉर्च ज्या दिशेने जातो, त्याच्या उजव्या हाताची कड सरळ निघते आणि डावीकडची तिरकी. हे मला ठाऊक होतं. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कापायची आणि भोक उलट्या दिशेने, म्हणजे दोन्ही वेळा प्लेट उजवीकडे राहते. मशीनसोबत आलेली पद्धतही तशीच होती. मग ती बदलली कोणी?

आणि मला उद्घाटनाचा दिवस आठवला. नारळ फुटला, पहिली प्लेट लागली, टॉर्च भोकाभोवती उलटा फिरू लागला. अक्काने हातातलं आरतीचं ताट खाली ठेवलं. "शुभ कामले उलटा फेरा कसाले?" तिने विचारलं. मशीन बसवायला आलेला माणूस जेवायला गेला होता. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मी दोन बटणं दाबून सगळी भोकं सुलटी करून टाकली, आणि विसरून गेलो. मी, जो गावभर लोकांच्या शकुन-अपशकुनांची टिंगल करत हिंडतो.

आता प्रश्न अक्काचा होता. रोज सकाळी मशीनपुढे उदबत्ती लावून पहिला काप पाहिल्याशिवाय ती कारखान्यातून हलत नाही. मी घाबरत घाबरत तिला उजव्या-डाव्या कडेचं सगळं सांगितलं. ती बिबडे उलटत ऐकत होती.

"देवले उजवा हातले ठेवतस, म्हनीसन प्रदक्षिणा सुलटी व्हस," ती म्हणाली. "भोकना मधला तुकडा भंगार शे. भंगारनी कोन प्रदक्षिणा करस? जो तुकडा ठेवना शे, तो देव. त्याले उजवा हातले ठेव."

इतके दिवस मी ज्या गोष्टीसाठी हवा, वेग आणि नाना यांना धारेवर धरलं, ती तिने एखादा बिबडा उलटावा तशी उलटून टाकली.

सोमवारी सकाळी नानांनी भोकं उलटी कापली. अक्का उदबत्ती धरून पाहत उभी होती. भोक अगदी ओळंब्यासारखं सरळ आलं असं नाही, पण आधीचं निमुळतेपण गेलं होतं. आबा आले. त्यांनी बोल्ट काढून भोकात सोडला. तो सरकत खाली गेला आणि डोकं प्लेटीवर टेकलं. त्यांनी उरलेली तिन्ही भोकं पाहिली. प्रत्येक वेळी बोल्ट हाताने गेला.

"मांगना दोन येळले कोनी चूक व्हती, भाऊ?" त्यांनी विचारलं.

कॉम्प्रेसरचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. टाकीत पाणी होतं, ते खोटंही नव्हतं. नाना डबीतला तंबाखू हातावर घेऊन माझ्याकडे बघत होते.

"मन्ही चूक, आबा," मी म्हणालो. "नानांना मी उगाच बोललो."

नानांनी तंबाखू मळायला सुरुवात केली. आबांनी बोल्ट शेवटच्या भोकात सोडला आणि तसाच ठेवून चहासाठी बाकावर बसले. मी तो काढून द्यायला गेलो.

"राहू दे तठेच," ते म्हणाले. "मना खिसा फाटी राह्यना."